440 वर्षांचं काम, जेवणानंतरच्या काही तासांत

सोलापूर जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला की पंढरपूर, माळशिरस, माढा, मोहोळ, कुठल्याही रस्त्याला लागा, पुढे एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत चाललेला असतोच. त्याच्या मागे अडकलेला माणूस वैतागतो. पण खरी घाई ट्रॅक्टरवाल्याला असते आणि त्याच्याहून जास्त कारखान्यातल्या केमिस्टला. तोडलेला ऊस शक्यतो 24 तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, असं कारखान्यात कुणालाही विचारा, सांगतील. उशीर झाला की दोन नुकसानं होतात. ऊस सुकून वजन घटतं, ते शेतकऱ्याच्या बिलातून जातं. आणि उसातली साखर कमी होते, म्हणजे उतारा घटतो. वजनाचं कारण सरळ आहे, पाणी उडालं. साखर काही उडून जात नाही. मग ती जाते कुठे?

ती उसातल्या उसात फुटते. साखरेचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे दोन छोटे रेणू एका बंधाने जोडलेले. त्या बंधाच्या जागी पाण्याचा एक रेणू शिरला की दोघं सुटे होतात. सुटं झाल्यावरही गोडी राहते, पण त्याचे दाणे पडत नाहीत, तो माल मळीत निघून जातो. ही फोडाफोड उसाच्या पेशींमधलंच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम करतं. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. तोडलेल्या टोकांतून आत शिरणारे जिवाणू त्यात आपली भर घालतात. उभ्या उसातही इन्व्हर्टेज असतं, आणि शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यांत जास्त असतं, कारण वाढणाऱ्या भागाला सुटं ग्लुकोज लागतं. तोडणीवाले वाढं छाटून जनावरांना टाकतात आणि बुडख्याकडचा ऊस कारखान्याला घालतात, त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे.

आता हीच साखर शुद्ध पाण्यात विरघळवली, त्यात ना एन्झाइम, ना जंतू, ना आम्ल, आणि ते पाणी 25 अंश सेल्सिअसला ठेवून दिलं, तर निम्मी साखर आपोआप फुटायला किती वेळ लागेल? रिचर्ड वुल्फेंडन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने हा वेग जास्त तापमानाला मोजला आणि त्यावरून हिशेब मांडला. 2008 साली त्यांनी दिलेलं उत्तर: सुमारे 440 वर्षं. अकबर बादशहाच्या काळात साखरपाण्याचं भांडं झाकून ठेवलं असतं, तर आज कुठे त्यातली साखर अर्ध्यावर आली असती. प्रथिनांतल्या बंधांचंही तसंच. साध्या पाण्यात तेही शेकडो वर्षं टिकतात.

एन्झाइमबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. न घडणारी गोष्ट ते घडवून आणत नाही. साखर पाण्यात फुटणारच होती, फक्त शतकांनी. एन्झाइम तेच काम आत्ता करून टाकतं. इन्व्हर्टेजचा एक रेणू सेकंदाला साखरेचे हजारो रेणू फोडतो आणि स्वतः जसाच्या तसा उरतो, पुढच्या रेणूसाठी मोकळा. आपल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची जोडणी करणारं कार्बोनिक अनहायड्रेज तर सेकंदाला दहा लाखांच्या घरात रेणू हाताळतं. असं ते नेमकं काय करतं?

सोलापूरहून मुंबईला रेल्वेने जाताना काय होतं ते आठवा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, मुंबई समुद्राला लागून. म्हणजे एकूण प्रवास उताराचा. तरीही गाडीला आधी लोणावळ्याची सहाशे मीटरच्या वरची चढण चढावी लागते, मगच घाट उतरून कर्जत. रासायनिक क्रियेचंही असंच असतं. साखर फुटली की ऊर्जेच्या दृष्टीने ती खाली येते, पण मध्ये एक चढ असतो. जुना बंध ताणला गेला आहे, नवा अजून जुळलेला नाही, अशी एक अवघड अवस्था पार करावी लागते. त्या चढाला सक्रियण ऊर्जा म्हणतात. एन्झाइम त्या डोंगरातून बोगदा काढतं. सोलापूरची उंची बदलत नाही, मुंबईची बदलत नाही, फक्त मधला चढ कमी होतो. बोगद्यातून गाडी दोन्ही दिशांना जाते, हेही इथे तंतोतंत लागू पडतं: एन्झाइम सरळ क्रियेचा वेग वाढवतं तसा उलट क्रियेचाही वाढवतं, आणि शेवटी किती माल कुठल्या बाजूला राहणार हे त्याच्या हातात नसतं.

चढ थोडा कमी झाल्याने इतका फरक का पडतो, हा पुढचा प्रश्न. भांड्यातल्या सगळ्या रेणूंकडे सारखी ऊर्जा नसते. बहुतेक मध्यम, काही थोडे जास्त तडफदार, आणि चढ ओलांडण्याइतके तर अगदी विरळ. चढ जसजसा उतरतो तसतशी ओलांडू शकणाऱ्यांची संख्या नुसती वाढत नाही, पटींच्या पटींनी वाढते. दुसरा मार्ग उष्णतेचा: सगळ्यांचीच ऊर्जा वाढवायची. प्रयोगशाळेत प्रथिनाचे सुटे घटक वेगळे करायचे तर ते तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात, बंद नळीत, 110 अंशांवर 24 तास ठेवतात. हेच काम आपलं पोट 37 अंशांवर करतं, तेही आपण दुपारी आडवे झालेलो असताना.

बोगदा कसा निघतो तेही पाहू. एन्झाइम म्हणजे बहुतेक वेळा प्रथिनच, अमिनो आम्लांची लांब साखळी स्वतःभोवती घड्या घालून बसलेली. त्या घड्यांत एक खोबण तयार होते. साखर फोडणाऱ्या एन्झाइमच्या खोबणीत दोन आम्लधर्मी गट समोरासमोर असतात. साखरेचा रेणू आत बसला की एक गट बंधावर हायड्रोजन टेकवून तो सैल करतो, दुसरा पलीकडून धक्का देतो, आणि पाणी नेमक्या जागी येतं. मोकळ्या पाण्यात या तीन गोष्टी एकाच क्षणी, योग्य बाजूने जुळून येण्याची वाट पाहायची तर 440 वर्षं जातात. खोबणीत त्या जुळवूनच ठेवलेल्या असतात. 1958 मध्ये डॅनियल कॉशलंड यांनी आणखी एक मुद्दा मांडला: खोबण आधीपासून तयार साच्याची नसते, रेणू आत आल्यावर एन्झाइम स्वतः थोडं हलून त्याच्याभोवती नीट बसतं.

खोबणीचा आकार ठरलेला, म्हणून कामही ठरलेलं. याचा सगळ्यात चांगला दाखला सोलापूरच्या टॉवेलमध्ये आहे. मागावर ताण्याचं सूत सारखं घासलं जातं, तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ चढवतात. विणून झाल्यावर मात्र ही खळ काढावीच लागते, नाहीतर टॉवेल पाणी टिपणार नाही आणि रंगही सारखा चढणार नाही. ही खळ काढायला कापड उद्योगात अमायलेज वापरतात, आपल्या लाळेत असतं त्याच जातीचं एन्झाइम. आता गंमत बघा. खळ हे स्टार्च, म्हणजे ग्लुकोजच्या माळा. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज, म्हणजे त्याही ग्लुकोजच्याच माळा. मणी तोच, फक्त एक मणी दुसऱ्याला जोडण्याचा कोन वेगळा. तेवढ्यावर अमायलेज खळ फस्त करतं आणि सुताच्या धाग्याला हात लावत नाही. आम्लानेही खळ निघते, पण जरा चुकलं की धागाच कमजोर होतो.

कोनाचा हाच फरक ज्वारीच्या ताटातही आहे. मंगळवेढ्याच्या शाळूचं कणीस आपल्याला, कडबा म्हशीला. कणसातलं स्टार्च आपण पचवतो, कडब्यातलं सेल्युलोज आपल्याला पचत नाही, कारण त्या जोडणीचं एन्झाइम आपल्याकडे नाही. खरं म्हणजे पंढरपुरी म्हशीकडेही स्वतःचं नाही. तिच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे आहे, आणि ती त्यांच्या जिवावर दूध देते.

इन्व्हर्टेजकडे परत यायला आणखी एक कारण आहे. एन्झाइमच्या वेगाचं गणित ज्या प्रयोगातून आलं तो साखरेवरच झाला. 1913 साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून तिथे संशोधनासाठी आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी इन्व्हर्टेज साखरेवर सोडलं आणि ती किती वेगाने फुटते ते पोलरिमीटरने मोजलं. या उपकरणात एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडतात; साखरेचं द्रावण त्याच्या कंपनाची दिशा उजवीकडे वळवतं. साखर फुटत गेली की ते वळण कमी होत डावीकडे जातं. कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा 'पोल', म्हणजे त्यातल्या साखरेचं प्रमाण, काढतात तो याच तत्त्वावर, म्हणजे एन्झाइमशास्त्राचा पाया ज्या मापनावर घातला गेला ते मापन आपल्या जिल्ह्यात हंगामभर रोज चालू असतं.

त्यांना दिसलं ते असं. साखर वाढवली तर सुरुवातीला वेग वाढतो. मग वाढीचा जोर ओसरतो, आणि एका टप्प्यानंतर कितीही साखर घाला, वेग तेवढाच. सगळ्या खोबण्या भरलेल्या असतात. एक रिकामी होईपर्यंत पुढच्याने थांबायचं. वेग अजून हवा असेल तर एन्झाइमच वाढवायला हवं.

आता जेवायला बसू. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, आमटी आणि वाटीभर दही.

भाकरीचं काम पोटाआधी तव्यावर सुरू झालेलं असतं. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट आवळलेले असतात, अमायलेजला त्यात शिरकाव मिळत नाही. आधणाच्या पाण्याने आणि तव्याच्या आचेने ते फुगतात, उलगडतात. तोंडात लाळेतलं अमायलेज लगेच कामाला लागतं. घास न गिळता मिनिटभर नुसता चावत राहिलात तर मंद गोडी जाणवते. ती भाकरीत आधी नव्हती, माल्टोज नावाच्या छोट्या साखरेची ती गोडी तुमच्या लाळेने आत्ता तयार केली. दिवसाला लिटरभर किंवा जास्त लाळ सुटते, त्यात अमायलेज मुबलक असतं. "नीट चावून खा" हे आजीचं म्हणणं दोन कारणांनी बरोबर: लाळ मिसळते, आणि तुकडे बारीक झाल्याने एन्झाइमला भिडायला जागा वाढते.

ज्वारीची एक खोड मात्र आहे. तिच्यातलं काफिरिन हे प्रथिन स्टार्चच्या कणांना वेढून बसतं, आणि पाण्यात शिजल्यावर त्याचे आपसातले बंध उलट घट्ट होतात. त्यामुळे ज्वारीचं प्रथिन शिजल्यावर गव्हातांदळाच्या मानाने कमी पचतं आणि स्टार्चपर्यंत पोचायलाही अमायलेजला जास्त वेळ लागतो. कडक भाकरीबद्दलही इथेच सांगून टाकतो. ती पुष्कळ दिवस टिकते, कारण तिच्यात पाणी जवळजवळ नसतं. पचनाची बहुतेक एन्झाइमं पाणी घालूनच बंध तोडतात, मग ती आपली असोत की बुरशीची. ताटात आमटी ओतून भाकरी कुस्करली की थांबलेलं सगळं पुन्हा शक्य होतं.

घास जठरात गेला की लाळेच्या अमायलेजचा कारभार थोड्या वेळात आटोपतो. गोळ्याच्या आत ते काही काळ चालू राहतं, पण आम्ल मुरलं की त्याच्या घड्या बिघडतात. तिथली सत्ता पेप्सिनची. त्याला दीड ते दोन पीएच इतकं तीव्र आम्लच मानवतं. प्रथिनांच्या लांब साखळ्या ते मधूनमधून तोडतं. मग ते जठराचीच भिंत का खात नाही? कारण पेशी ते तयार पेप्सिन म्हणून सोडतच नाहीत, पेप्सिनोजेन या झाकलेल्या रूपात सोडतात. आम्लात आल्यावरच झाकणारा तुकडा गळतो आणि खोबण उघडी पडते. शिवाय भिंतीवर चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि अस्तर काही दिवसांत नवं होत राहतं.

जठर अन्न नुसतं दळतं की विरघळवतं, यावर 18व्या शतकात बराच वाद होता. इटलीच्या लाझारो स्पालान्झानी यांनी अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळल्या आणि बाहेर आल्यावर तपासल्या. पिशवी शाबूत, आतलं अन्न गायब. दळलं असतं तर पिशवी फाटायला हवी होती. शिवाय कापडाला काही झालं नाही, कारण तागाजवसाचा धागाही सेल्युलोजच. त्यांना हे कारण ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

खरं पचन होतं ते पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला. लोकांच्या बोलण्यात सगळं श्रेय आणि सगळा दोष जठराकडे जातो, हे मला नेहमी अन्यायाचं वाटतं. ज्यांचं जठर शस्त्रक्रियेने काढलं आहे ती माणसंही प्रथिनं पचवतात. स्वादुपिंड निकामी झालं तर मात्र हाल होतात. जेमतेम शंभर ग्रॅमचा हा अवयव दिवसाला लिटर-दीड लिटर रस सोडतो. त्यातलं बायकार्बोनेट आधी आम्ल मारतं, म्हणजे पेप्सिन बंद पडतं आणि पुढच्यांना हवं ते वातावरण तयार होतं. मग अमायलेज पुन्हा स्टार्चवर, लायपेज तेलावर आणि ट्रिप्सिन प्रथिनांवर.

ट्रिप्सिनची व्यवस्था तर पाहण्यासारखी आहे. स्वादुपिंड ते झाकलेल्या रूपातच बाहेर पाठवतं. झाकण काढणारं एन्झाइम आतड्याच्या भिंतीवर असतं, स्वादुपिंडात नव्हे. पहिलं थोडं ट्रिप्सिन तिथे जागं झालं की ते उरलेल्यांना जागं करतं. चुकून आतच एखादं जागं झालं तर त्याला दाबून टाकणारं प्रथिनही स्वादुपिंड सोबत ठेवतं. हा बंदोबस्त मोडला की स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. पोटात पाठीपर्यंत जाणारी असह्य कळ येते, त्याला स्वादुपिंडाचा दाह म्हणतात. पित्ताशयातले खडे आणि दारू ही त्याची दोन मुख्य कारणं. अशा वेळी डॉक्टर रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज तपासायला सांगतात; ते नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त असेल तर निदानाकडे बोट जातं. जे एन्झाइम आतड्यात हवं ते रक्तात सापडतंय, असा त्याचा अर्थ.

शेंगाच्या चटणीचा पेच वेगळा. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल. लायपेज पाण्यातलं, तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून लायपेज फक्त तेलाच्या थेंबाच्या पृष्ठभागावर काम करू शकतं. पित्त तिथे मदतीला येतं. पित्त हे एन्झाइम नाही, ते काहीच तोडत नाही, मोठ्या थेंबांचे असंख्य बारीक थेंब करून ठेवतं. उखळात कुटताना शेंगदाण्याच्या पेशी फुटून चटणीला तेल सुटतं, तेव्हाच हे काम थोडं सोपं झालेलं असतं. भाजण्याचाही उपयोग आहे: कच्च्या शेंगदाण्यात ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात, आचेने ते बरेच निष्प्रभ होतात.

शेवटचे तुकडे आतड्याच्या अस्तरावरच पडतात. माल्टेज, सुक्रेज, लॅक्टेज ही एन्झाइमं तिथे पेशींच्या पृष्ठभागावर रोवलेली असतात, म्हणजे तोडलं की लगेच आत घेतलं. मधुमेहाची काही औषधं, अकार्बोज आणि व्होग्लिबोज, याच जागी एन्झाइमच्या खोबणीत अडकून बसतात. साखर हळूहळू सुटते, रक्तातली उसळी कमी होते. न पचलेला भाग मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतो, म्हणून या गोळ्यांनी गॅस होतो. आणि एक व्यवहाराची गोष्ट: हे औषध चालू असलेल्या माणसाची साखर एकदम उतरली तर चमचाभर साखर देऊन लवकर फरक पडत नाही, कारण साखर फोडणारं एन्झाइमच अडवलेलं आहे. ग्लुकोज पावडर द्यावी लागते. घरात कुणाला ही गोळी असेल तर ग्लुकोजचा डबा हाताशी ठेवा.

लॅक्टेज दुधातल्या साखरेसाठी. जगातल्या निम्म्याहून अधिक माणसांत ते मोठेपणी कमी होतं, मग दुधाने पोट गुबारतं. त्याच माणसाला दही बहुधा चालतं, कारण विरजणाच्या जिवाणूंनी ती साखर थोडी आधीच संपवलेली असते आणि त्यांचं स्वतःचं एन्झाइमही दह्याबरोबर पोटात जातं.

उन्हाचा विषय सोलापुरात टाळता येणार नाही. मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, आणि "उन्हाने पचन मंदावतं" असं सर्रास म्हटलं जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की एन्झाइमचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, अर्थात त्याच्या घड्या उलगडेपर्यंतच. स्वयंपाकघरात हे रोज दिसतं: थंडीत रात्रभर घेणारं विरजण उन्हाळ्यात काही तासांत लागतं आणि दुपारपर्यंत आंबटही होतं. पोटात मात्र बाहेरचं ऊन पोचत नाही. आत मे महिन्यातही 37 आणि जानेवारीतही 37. उन्हाळ्यात भूक कमी होते ती शरीर आतली उष्णता कमी ठेवू बघतं म्हणून, एन्झाइमचा त्यात दोष नाही. एन्झाइमला किती तापमान मानवेल हे ते कुठून आलं त्यावर ठरतं. कापडाची खळ काढायला काही जिवाणूंचं असं अमायलेज मिळतं की जे 90 अंशांच्या आसपासही तग धरतं. आपलं त्याच्या कितीतरी आधी कायमचं निकामी होतं.

आणि मेडिकलमध्ये मिळणारी पाचक सिरपं? अनेकांच्या लेबलवर डायस्टेज आणि पेप्सिन लिहिलेलं असतं. डायस्टेज म्हणजे अमायलेजच; 1833 मध्ये पायेन आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते मोड आणलेल्या जवापासून वेगळं काढलं होतं. पण निरोगी माणसाचं स्वादुपिंड गरजेच्या कितीतरी पट एन्झाइम करतं. लायपेजचं उत्पादन नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावर कुठे तेल न पचण्याची लक्षणं दिसू लागतात. लग्नात चार पुरणपोळ्या जास्त झाल्यावर जे जड वाटतं ते जठर ताणल्याने आणि तुपामुळे ते हळू रिकामं होत असल्याने. त्यावर सिरप म्हणजे माझ्या मते बहुधा वेलची-बडीशेपेच्या चवीची समजूत. ज्यांना खरोखर एन्झाइम लागतं, म्हणजे स्वादुपिंड जुन्या दाहाने खराब झालेले रुग्ण, त्यांना डॉक्टर वेगळ्या कॅप्सूल देतात. त्यातल्या दाण्यांवर आम्लात न विरघळणारा थर असतो, नाहीतर त्यातलं लायपेज जठरातच मरेल. तेलकट, तरंगणारा, दुर्गंधीचा शौच बरेच दिवस होत असेल आणि वजन घटत असेल तर सिरप न घेता तपासणी करून घ्यावी. 'कच्च्या भाज्यांतली जिवंत एन्झाइमं' पचन सुधारतात या दाव्याचंही तेच: बहुतेक एन्झाइमं जठरात पोचली की पेप्सिनच्या लेखी निव्वळ प्रथिन असतात.

हे सगळं घरी पाहता येतं. भाताची पातळ पेज गाळून पाच पेल्यांत थोडी थोडी घ्या. पहिल्यात काही नको. दुसऱ्यात चमचाभर लाळ. तिसऱ्यात पाचेक मिनिटं उकळून थंड केलेली लाळ. चौथ्यात लाळ आणि व्हिनेगर. हे चार पेले कोमट पाण्याच्या ताटात ठेवा. पाचव्यात फ्रीजमध्ये गार केलेल्या पेजेत लाळ घाला आणि तो पेला लगेच फ्रीजमध्येच ठेवा. पांढऱ्या बशीत पाणी घालून फिका केलेल्या बीटाडीनचे थेंब मांडा, आणि दर दोन-तीन मिनिटांनी प्रत्येक पेल्यातला एक थेंब त्यावर टाका. स्टार्च असेल तर निळा-काळा रंग येतो. चौथ्यात व्हिनेगरऐवजी लिंबू पिळू नका. त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग स्वतःच घालवतं आणि निकाल फसतो. दुसऱ्या पेल्याचा निळा लवकरच फिका होत तपकिरी-पिवळा होईल. पहिला, तिसरा, चौथा निळेच. फ्रीजमधलाही बराच वेळ निळा. तो बाहेर काढून कोमट पाण्यात ठेवला की त्याचं काम सुरू होतं. उकळलेल्या लाळेला कितीही वेळ द्या, तिचं होत नाही.